वादातल्या समुद्रातले प्रवाळ: मालकी ठरण्याआधी काय करता येतं?

प्रश्न असा आला आहे: "दक्षिण चिनी समुद्रातले प्रवाळ नष्ट होत असल्याच्या बातम्या सतत येतात. तिथल्या बेटांवर सहा जण दावा सांगतात. मालकीचा निकाल लागल्याशिवाय तिथे काही करणं शक्य आहे का? गेलेले प्रवाळ परत येतील का? आणि आपल्याकडच्या माणसाने यात लक्ष का घालावं?" विचारणारी सागरी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे, म्हणून जरा खोलात जाऊन लिहितो. माझं काम प्रवाळांच्या पाहणीचं, बरंचसं लक्षद्वीप आणि मालवणच्या पाण्यातलं.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यावर अवलंबून आहे. प्रवाळ निरनिराळ्या तऱ्हांनी मरतात आणि प्रत्येक मरणानंतरचं चित्र वेगळं असतं. बातम्यांमध्ये हे सगळं एकाच आकड्यात मिसळलेलं असतं.

एक तऱ्हा उष्णतेची. प्रवाळाच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला बहुतेक अन्न पुरवतं. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाच्या अंशभर वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हे शैवाल बाहेर टाकलं जातं आणि पारदर्शक कातडीखालचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो. हेच ब्लीचिंग. ब्लीच झालेला प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत थंड झालं तर तो सावरतो. नाही झालं तर मरतो, पण मेल्यावरही त्याचा सांगाडा जागेवर उभा राहतो. पोपटमाशांसारखे शेवाळ खरवडून खाणारे मासे शाबूत असतील, तर त्याच सांगाड्यावर प्रवाळांच्या नव्या तरंगत्या अळ्या येऊन बसतात. १९९८च्या मोठ्या ब्लीचिंगनंतर लक्षद्वीपचे प्रवाळ बऱ्यापैकी परतले. २०१० आणि २०१६चे धक्के मात्र इतक्या लागोपाठ आले की सावरायला उसंतच मिळाली नाही. आज तिथलं जिवंत प्रवाळांचं आच्छादन १९९८च्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आलं आहे.

दक्षिण चिनी समुद्रातलं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे डोंगशा, म्हणजेच प्रॅटस, हे कंकणद्वीप. ताबा तैवानकडे, दावा चीनचाही. २०१५च्या जूनमध्ये आसपासच्या समुद्राचं तापमान दोन अंशांनी वाढलं होतं. पण वारा पडला, लाटा थांबल्या आणि प्रवाळपठारावरच्या उथळ पाण्यात तीच वाढ सहा अंशांवर गेली. काही आठवड्यांत तिथले सुमारे ४० टक्के प्रवाळ मेले. आणि डोंगशा तर २००७पासून राष्ट्रीय उद्यान आहे. संरक्षण असूनही हे झालं, हे लक्षात ठेवा, कारण पुढे 'राखीव क्षेत्र' हा शब्द येणार आहे.

दुसरी तऱ्हा तोडफोडीची. ट्रायडॅक्ना गिगास हा राक्षसी शिंपला मीटरभराहून लांब आणि दोन क्विंटलहून जड होतो. त्याचं कवच हस्तिदंतासारखं कोरता येतं. हैनान बेटावरच्या तानमेन बंदरात या कोरीवकामाचा मोठा धंदा उभा राहिला. जिवंत शिंपले विरळ झाल्यावर प्रवाळात रुतलेल्या जुन्या मेलेल्या कवचांनाही भाव आला. ती काढायला बोटी नांगरून त्यांचे पंखे थेट प्रवाळपठारावर फिरवले गेले. उपग्रहाच्या चित्रांत त्या जागा कमानीसारख्या ओरखड्यांनी भरलेल्या दिसतात. हैनान प्रांताने २०१७च्या सुरुवातीला हा व्यापार बंद केला. पुढे काही बोटी परत आल्या आणि पंख्याऐवजी पंपाच्या पाण्याचा झोत मारून कवचं उकरू लागल्या.

ही तोडफोड उष्णतेपेक्षा जास्त काळ का बाधते, ते पाण्याखाली पाहणी केली की कळतं. आम्ही तळाशी पन्नास मीटरची टेप अंथरतो आणि दर अर्ध्या मीटरला टेपखाली काय आहे ते प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने लिहीत जातो: जिवंत, नुकतंच मेलेलं, शेवाळ चढलेलं, खडक, वाळू, चुरा. नुकत्याच मेलेल्या प्रवाळात प्रत्येक जीवाची वाटी आणि तिच्यातले बारीक पडदे अगदी धारदार दिसतात. काही दिवसांनी त्यावर हिरवट-पिवळी साय धरते, मग बारीक शेवाळाचा गालिचा येतो आणि वाट्या दिसेनाशा होतात. त्यावरून मरण किती जुनं आहे याचा अंदाज बांधता येतो. या सगळ्या नोंदींत मला सगळ्यात जास्त धास्ती 'चुरा' या रकान्याची वाटते. बोटाएवढे, मुठीएवढे सुटे तुकडे. लाट आली की ते लोळतात. मिलिमीटरभराची प्रवाळाची अळी त्यावर बसली, तरी पुढच्या वादळात तुकडा उलटतो आणि ती खाली चिरडली जाते. दरवर्षी अळ्या येतात, दरवर्षी मरतात. सुरुंग लावून मासेमारी झालेल्या आग्नेय आशियातल्या प्रवाळांवर अशा चुऱ्याची मैदानं वर्षानुवर्षं तशीच पडून राहिलेली नोंदली गेली आहेत. मेलेला पण उभा प्रवाळ आणि चुरा झालेला प्रवाळ यांत म्हणूनच फार मोठा फरक आहे.

तिसरी तऱ्हा गाडलं जाण्याची, आणि तिच्यावर उपाय नाही. २०१३च्या अखेरीपासून साधारण दोन वर्षांत चीनने याच समुद्रातल्या स्प्रॅटली या वादग्रस्त बेटसमूहातल्या फायरी क्रॉस, सुबी, मिस्चीफ यांसह सात प्रवाळांवर मिळून सुमारे १३ चौरस किलोमीटर जमीन तयार केली. दातेरी फिरतं डोकं असलेले ड्रेजर तळ फोडतात, तो चुरा पंपाने खेचतात आणि पाइपमधून प्रवाळपठारावर ओततात. जिथे ओततात तिथलं तर संपतंच, पण गढूळ पाण्याचा पट्टा कितीतरी लांब जातो. गाळ अंगावर बसला की प्रवाळ चिकट स्राव सोडून तो झटकतो. त्यात त्याची शक्ती खर्च होते आणि वर सूर्यप्रकाशही अडलेला असतो. गोलघुमट पोराइटिस प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतो. तीन मीटर उंचीचा असा एक खडक म्हणजे तीनशे वर्षं. त्यावर आता धावपट्टी आहे.

पण हे एकट्या चीनच्या माथी मारून मोकळं होता येणार नाही. वॉशिंग्टनमधल्या एका संशोधन संस्थेच्या आशियाई सागरी उपक्रमाने २०२३च्या शेवटी उपग्रहचित्रांवरून हिशेब मांडला. भराव आणि ड्रेजिंगखाली चीनकडून सुमारे ४,६०० एकर आणि व्हिएतनामकडून सुमारे १,४०० एकर प्रवाळ गेले होते. शिंपल्यांसाठी खरवडलेलं क्षेत्र १६,००० एकरांच्या वर होतं, म्हणजे बेटं बांधण्यापेक्षाही जास्त नुकसान एका शोभेच्या वस्तूसाठी झालं. व्हिएतनामचं बांधकाम त्यानंतरही जोरात चालू राहिलं. मलेशिया, तैवान, फिलिपिन्स यांचे वाटे लहान आहेत, पण आहेत. फिलिपिन्सने १९९९मध्ये एक जुनं युद्धजहाज मुद्दाम सेकंड थॉमस शोल या उथळ प्रवाळावर चढवून ठेवलं, ते अजून तिथेच गंजतं आहे. प्रत्येकाला शेजाऱ्याने फोडलेला प्रवाळ दिसतो.

आता पहिला प्रश्न. मालकी ठरल्याशिवाय काही करता येईल का? माझं उत्तर: मालकी ठरायची वाट पाहणं हाच सगळ्यात वाईट पर्याय आहे, आणि कायदाही तशी वाट पाहायला सांगत नाही.

फिलिपिन्सने चीनविरुद्ध २०१३च्या जानेवारीत दाखल केलेल्या दाव्याचा निवाडा १२ जुलै २०१६ रोजी हेगमधल्या आंतरराष्ट्रीय लवादाने दिला. बातम्या झाल्या त्या चीनच्या तुटक रेषेच्या, म्हणजे जवळपास सगळ्या समुद्रावर हक्क सांगणाऱ्या नकाशावरच्या रेषेच्या. प्रवाळांच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग मागे राहिला. बेटं कुणाची हा प्रश्न लवादाने हातातच घेतला नव्हता. तरीही समुद्री पर्यावरण जपण्याचं बंधन सगळ्या देशांवर सगळ्या समुद्रात आहे आणि सार्वभौमत्वाच्या प्रश्नाचा त्याच्याशी संबंध नाही, असं त्याने स्पष्ट केलं. लवादाने प्रवाळतज्ज्ञांकडून स्वतंत्र अहवाल मागवला. बेटबांधणीने प्रवाळांची गंभीर हानी झाली आणि शिंपल्यांची ती तोडफोड थांबवण्यात चीन कमी पडला, असे निष्कर्ष काढले. स्कारबरो शोल या दोघांच्या वादातल्या प्रवाळावर फिलिपिनो आणि चिनी दोन्ही कोळ्यांची पारंपरिक मासेमारी चालत आली आहे, हेही मान्य केलं. चीनने निवाडा नाकारला. तरी मालकी न ठरवता जबाबदारी ठरवता येते, हे तत्त्व त्यातून कागदावर आलं, आणि माझ्या मते त्या निवाड्यातलं ते सगळ्यात टिकाऊ काम आहे.

याच्या उलट बाजूही मांडायला हवी. मालकी स्पष्ट असली की राखण सोपी होते, हे खरं आहे. फिलिपिन्सच्या सुलू समुद्रातलं तुब्बाताहा हे निर्विवाद त्यांचं आहे, जागतिक वारसा स्थळ आहे, पहारा आहे. २०१३च्या जानेवारीत अमेरिकेच्या नौदलाचं 'गार्डियन' जहाज तिथे प्रवाळावर चढलं. किती प्रवाळ मोडले ते चौरस मीटरमध्ये मोजलं गेलं: सुमारे २,३४५ चौरस मीटर. बिल पाठवलं गेलं आणि २०१५मध्ये अमेरिकेने जवळपास वीस लाख डॉलर भरले. स्प्रॅटलीत हजारो एकर गेले आणि तिथे टेप घेऊन उतरणारा कुणी नाही, कारण उतरणारा कोणत्या देशाचा हाच पहिला प्रश्न होतो.

पण त्यावरून 'आधी मालकी, मग राखण' असा क्रम लावणं चूक आहे. आपल्याकडे भाऊबंदकीतल्या विहिरीचा दावा दोन-दोन पिढ्या कोर्टात चालतो, पण पाण्याची पाळी ठरलेली असते, आणि पाळीवर पाणी घेतलं म्हणून कुणाचा हक्क वाढत नाही की बुडत नाही. राष्ट्रांच्या करारांतही अशी तजवीज असते. १९५९च्या अंटार्क्टिका कराराने सगळे दावे होते तिथे गोठवले आणि कराराच्या काळातल्या कुठल्याही कामाने दावा सिद्ध होणार नाही की खोडला जाणार नाही असं लिहून घेतलं. जॉन मॅकमॅनस हे प्रवाळशास्त्रज्ञ १९९०च्या दशकापासून स्प्रॅटलीसाठी याच धर्तीवर संयुक्त शांतता उद्यानाची मांडणी करत आले आहेत. त्यांचा मुद्दा अळ्यांचा आहे. मासे आणि प्रवाळ यांच्या अळ्या दिवसांपासून आठवड्यांपर्यंत प्रवाहासोबत तरंगतात, मोसमी वारे फिरले की त्या समुद्रातले प्रवाहही फिरतात, आणि मधल्या बेटांवर जन्मलेलं जे काही आहे ते भोवतालच्या उपशाने थकलेल्या किनाऱ्यांना बीज पुरवतं. प्रवाळ कुणाच्या ताब्यात आहे यावर ते बीज कुठे जाईल हे ठरत नाही.

आणि हे नुसतं कागदावरचं नाही. १९९६ ते २००७ या काळात फिलिपिन्स आणि व्हिएतनामच्या शास्त्रज्ञांनी याच पाण्यात चार संयुक्त मोहिमा केल्या. दोघांचा दावा एकमेकांवर चढलेला असताना, एकाच जहाजावरून. पुढे त्या थांबल्या. राजकीय ताण वाढला की विज्ञानाचा पैसा आणि परवानगी आधी अडते, हे मला फार खेदाचं वाटतं, कारण नेमक्या त्याच वर्षांत नोंदी हव्या असतात. २०१३च्या आधीच्या भरवशाच्या नोंदी जिथे आहेत, तिथेच आज नुकसान दाखवून देता येतं.

मासेमारीबद्दल एक गोष्ट आपल्या वाचकांना लगेच कळेल. चीन १९९९पासून दरवर्षी उन्हाळ्यात १२ अंश अक्षांशाच्या उत्तरेला मासेमारी बंद ठेवतो. आपल्या पावसाळी बंदीसारखीच कल्पना, माशांना वाढू द्यायची. जीवशास्त्र म्हणून त्यात चुकीचं काही नाही. पण ती बंदी चीन एकट्याने जाहीर करतो आणि वादातल्या पाण्यातही लागू करतो. व्हिएतनाम आणि फिलिपिन्स दरवर्षी निषेध नोंदवतात, कारण बंदी पाळली तर दावा मान्य केल्यासारखं होईल. परिणामी माशांच्या भल्याचा नियम झेंड्याच्या भांडणात अडकतो. यांतल्याच दोन देशांनी, चीन आणि व्हिएतनामने, टाँकिनच्या आखातात २०००मध्ये सीमारेषेसोबत मासेमारीचा वेगळा करार केला होता. तो २००४मध्ये अमलात आला, सामाईक पट्टा ठरला, बोटींची संख्या दोघांनी मिळून ठरवली. २०२०मध्ये त्याची मुदत संपली. त्यातून मासे भरभराटीला आले असं मी म्हणणार नाही. पण एकत्र बसून आकडा ठरवणं त्यांना जमतं, एवढं त्यातून दिसतं.

२०२५च्या सप्टेंबरमध्ये चीनने स्कारबरो शोलच्या एका भागाला राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र जाहीर केलं, सुमारे साडेतीन हजार हेक्टर. फिलिपिन्सने लगेच निषेध केला. जिथून दुसऱ्या देशाच्या कोळ्यांना आधीच हुसकावलं जात आहे, तिथलं राखीव क्षेत्र कोळी स्वीकारणार नाहीत, आणि कोळ्यांनी न स्वीकारलेलं राखीव क्षेत्र कुठेही टिकलेलं मी पाहिलेलं नाही. ते दोन्हीकडच्या कोळ्यांना विचारून, दोन्हीकडचे निरीक्षक घेऊन झालं असतं, तर मी त्याचं मनापासून स्वागत केलं असतं.

मला सगळ्यात जास्त शिकण्यासारखा वाटतो तो टॉरेस सामुद्रधुनीचा करार. ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी यांच्यामधलं ते पाणी प्रवाळांनी भरलेलं आहे आणि ऑस्ट्रेलियाची काही बेटं पापुआच्या किनाऱ्याला अगदी खेटून आहेत. १९७८मध्ये सही झालेल्या आणि १९८५पासून लागू असलेल्या या कराराने एकच रेषा ओढण्याचा हट्ट सोडला. समुद्रतळासाठी एक रेषा, माशांसाठी दुसरी. त्यांच्या भोवती एक संरक्षित पट्टा, ज्यात दोन्हीकडचे मूळ रहिवासी पासपोर्टशिवाय ये-जा करतात आणि आपली पारंपरिक मासेमारी करतात. व्यापारी मासेमारीचे, शेवंडांचे वाटे दोन्ही देश ठरवतात. तळाचं खोदकाम थांबवून ठेवलं आहे. तिथले दोन देश एकमेकांवर तोफा रोखून नव्हते, हा फरक मोठा आहे, हे मान्य. तरी हक्कांची अशी फोड करता येते हे तिथे गेली चाळीस वर्षं चालू आहे.

मग दक्षिण चिनी समुद्रात आधी काय? माझ्या हाती असतं तर पहिली मागणी एकच केली असती: नवीन ड्रेजिंग बंद, सगळ्यांचं. उष्णतेने मेलेल्या प्रवाळाला संधी असते, गाडलेल्याला नसते, म्हणून हे पहिलं. त्यानंतर शिंपल्यांचा व्यापार बंदरात अडवायचा, कारण भर समुद्रात बोट अडवली की लगेच सार्वभौमत्वाचा प्रश्न उभा राहतो आणि बंदरात तो येत नाही. हैनानची बंदी कागदावर आहेच, ती राबवायला कुणाशी वाटाघाटी लागत नाहीत. मग तापमान आणि ब्लीचिंगच्या नोंदी एका जागी. २००२मध्ये आसियान या आग्नेय आशियाई गटातले देश आणि चीनने सही केलेल्या आचारघोषणेत पर्यावरण-संरक्षण आणि सागरी संशोधनातल्या सहकार्याचा उल्लेख आधीपासून आहे, नवा मसुदा लागत नाही. प्रवाळ लावण्याचे प्रकल्प मी मुद्दाम मागे ठेवतो. फिलिपिन्समध्ये एडगार्डो गोमेझ यांनी बोलिनाओच्या प्रयोगशाळेत राक्षसी शिंपले वाढवून परत समुद्रात सोडण्याचं मोठं काम केलं आणि ते काम मला अतिशय आदराचं वाटतं. पण ज्या पाण्यात उद्या पुन्हा पंखा फिरणार आहे तिथे शिंपले सोडून उपयोग नाही.

आपल्याकडच्या माणसाने लक्ष का घालावं? पालघरचे खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात आणि न दिसणारी रेषा ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षं काढतात. गुजरात-सिंध सीमेवरच्या सर क्रीक खाडीचा वाद दिल्ली आणि इस्लामाबादचा, पण किंमत डहाणू-तलासरीच्या घरांत मोजली जाते. पाल्कच्या सामुद्रधुनीत तर सीमा १९७४ आणि १९७६च्या करारांनी ठरलेली आहे, तरीही तमिळनाडूचे ट्रॉलर आणि जाफनाचे छोटे कोळी यांच्यातलं भांडण मिटलेलं नाही, कारण भांडण रेषेपेक्षा तळ खरवडणाऱ्या जाळ्याचं जास्त आहे. श्रीलंकेने २०१७मध्ये तळ खरवडणाऱ्या ट्रॉलिंगवर कायद्याने बंदी घातली. रेषा ठरली म्हणजे समुद्र वाचला असं होत नाही, याचा पुरावा आपल्याच दारात आहे. आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत पाण्याखाली असलेली आंग्रिया बँक ही आपली प्रवाळांची जागा निर्विवाद भारताची आहे. तिच्यासाठी आपण काय करतो, हा प्रश्न त्यामुळे जास्तच अवघड होतो.

तुम्ही विद्यार्थिनी आहात म्हणून एक कामाची गोष्ट. वादातल्या पाण्यात डुबकी मारायची परवानगी तुम्हाला मिळणार नाही, पण उपग्रहाला ती लागत नाही. अमेरिकेच्या सागरी-हवामान संस्थेच्या प्रवाळ-निरीक्षण विभागाचे तापमानाचे रोजचे नकाशे पाच किलोमीटरच्या चौकटीत फुकट मिळतात. त्यात साठत गेलेली उष्णता अंश-आठवड्यांत, म्हणजे किती अंश जास्त आणि किती आठवडे अशा हिशेबाने, मोजलेली असते: चारच्या वर गेली की ब्लीचिंग अपेक्षित, आठच्या वर गेली की मरण. २०२३पासूनच्या चौथ्या जागतिक ब्लीचिंगमध्ये जगातल्या सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राने ब्लीचिंग होईल इतकी उष्णता सोसली. डोंगशा, स्कारबरो, फायरी क्रॉस, लक्षद्वीपमधलं कवरत्ती आणि मालवण, या पाच जागांचे २०१०पासूनचे आलेख एकाखाली एक काढा. मग डोंगशाचा २०१५चा जून शोधा आणि पाच किलोमीटरच्या चौकटीत ते सहा अंश दिसतात का ते पाहा. दिसणार नाहीत. उथळ पठारावरची उष्णता त्या चौकटीत मावत नाही, ती मोजायला पाण्यात बांधलेला तापमापक लागतो, आणि तो कुणी कुठे बांधायचा यासाठीच त्या सहा दावेदारांचं आपसात बोलणं व्हायला हवं आहे.